तीन तास पाच मिनिटांचा फरक: ओझरवरच्या दोन सेस्ना कागदावरून टॅबवर नेताना

एप्रिलच्या मध्यावर, कागद आणि टॅब शेजारी शेजारी चालवण्याचा अकरावा आठवडा सुरू असताना, देखभाल अभियंत्याने टेक लॉगची (विमानाच्या उड्डाणांची आणि देखभालीची कागदी नोंदवही) बेरीज मारली. मागच्या १०० तासी तपासणीनंतर पहिल्या विमानाची ७१ उड्डाणे झाली होती आणि त्यांची बेरीज ९१ तास २० मिनिटे भरत होती. टॅबवरच्या नोंदप्रणालीत त्याच विमानापुढे ८८ तास १५ मिनिटे दिसत होते. पुढच्या तपासणीला कागदाप्रमाणे ८ तास ४० मिनिटे उरली होती आणि टॅबप्रमाणे ११ तास ४५ मिनिटे. त्या आठवड्याचे वेळापत्रक टॅबवरूनच लावलेले होते.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातली संस्था अशी: कार्यालय नाशिक शहरात, विमाने ओझरच्या विमानतळावर. दोन सेस्ना १७२एस. एकात गोल काट्यांची जुनी उपकरणे, दुसऱ्यात गार्मिन जी १००० चे पडदे. सोयीसाठी त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणू. पाच वैमानिक, एक एएमई (परवानाधारक विमान देखभाल अभियंता), कार्यालयात नोंदी ठेवणारा एक कारकून. रचलेले असले तरी यातला प्रत्येक बिघाड अशा बदलात खरोखर होऊ शकतो. फेब्रुवारी ते जुलै असे सहा महिने कागद आणि टॅब दोन्ही चालवायचे आणि मग डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) कागद काढण्याची मान्यता मागायची, असा बेत होता. मान्यता हातात येईपर्यंत कागदच खरा, हे पहिल्या दिवसापासून लेखी ठरलेले होते. ते ठरलेले होते म्हणूनच एप्रिलमध्ये काही बिघडले नाही.

फरक कुठून आला

तीन तास पाच मिनिटे हा आकडा फसवा आहे. तो एका चुकीचा नाही. तीन वेगळ्या चुकांनी एकमेकींना अर्धेमुर्धे झाकून मागे ठेवलेली ती शिल्लक आहे.

पहिली चूक टिंबाची. आपल्याकडे वेळ टिंब देऊन लिहितात. एसटीच्या फलकावर ६.४५ म्हणजे पावणेसात, हे कुणाला सांगावे लागत नाही. दोन वैमानिक टॅबवर उड्डाणाचा कालावधी याच सवयीने टाकत होते: एक तास तीस मिनिटांसाठी १.३०. प्रणाली तो आकडा दशांश तास म्हणून वाचत होती. १.३० तास म्हणजे १ तास १८ मिनिटे. बारा मिनिटे गेली. ०.५० लिहिले की पन्नास मिनिटांची तीस होतात. या चुकीला नियम आहे: टिंबानंतरच्या मिनिटांपैकी ४० टक्के गायब होतात आणि दर वेळी नोंद कमीच भरते, कधीही जास्त नाही. १९ उड्डाणांत अशी नोंद झाली होती. त्यांच्या टिंबानंतरच्या मिनिटांची बेरीज ५७५, म्हणजे २३० मिनिटांची गळती: ३ तास ५० मिनिटे. देखभालीच्या हिशेबात नेहमी एकाच बाजूला, तेही कमीकडे झुकणारी चूक सर्वांत वाईट. यदृच्छेने होणाऱ्या चुका दोन्हीकडे पडतात आणि निदान एकमेकींना छेद देतात. ही साचतच जाते.

दुसरी चूक दुहेरी नोंदीची. दोन उड्डाणांत प्रशिक्षक आणि शिकाऊ या दोघांनीही आपापल्या टॅबवर नोंद केली. दोन्ही टॅब तेव्हा नेटवर्कबाहेर होते. संध्याकाळी कार्यालयात वायफाय मिळाले तेव्हा दोन्ही नोंदी वर चढल्या आणि प्रणालीने चार उड्डाणे धरली. १ तास ५ मिनिटे आणि ५० मिनिटे, एकूण १ तास ५५ मिनिटे जास्त.

तिसरी चूक एका हरवलेल्या उड्डाणाची, १ तास १० मिनिटे. नोंदीचे ॲप अडकले, उघडेना. वैमानिकाने ते काढून टाकले आणि पुन्हा घेतले. नकाशाच्या ॲपला हाच उपाय लागू पडतो, म्हणून तो हातात बसलेला असतो. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची कित्येक उड्डाणे धावपट्टीऐवजी गेटवरच थांबली, कारण वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाच्या एका चार्टची (वैमानिकाचा नकाशा) दुहेरी प्रत आल्याने आयपॅडवरचे जेपेसन कंपनीचे चार्टचे ॲप बंद पडत होते. ॲप काढून पुन्हा घेणे हा तिथला अचूक इलाज होता, कारण चार्ट सगळ्या जगाकडे असतात, ते पुन्हा उतरवता येतात. नुकत्याच संपलेल्या उड्डाणाची नोंद मात्र जगात फक्त त्या एका टॅबमध्ये असते. ॲप गेले की नोंद गेली. चार्टचे ॲप आणि नोंदीचे ॲप या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांच्या अडचणीचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. हे आता टॅबच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले आहे: नोंदीचे ॲप अडकले तर हात लावू नका, टॅब तसाच कार्यालयात द्या, नोंद कागदावर करा.

उणे ३.५० (तास आणि मिनिटे, इथे सवयीने टिंबच), अधिक १.५५, उणे १.१०. शिल्लक उणे ३ तास ५ मिनिटे. चुकांची खरी बेरीज मात्र ६ तास ५५ मिनिटे. आणखी दोन-तीन दुहेरी नोंदी पडल्या असत्या तर ताळा जवळपास जुळला असता आणि कुणी बघितलेही नसते. म्हणून एकूण बेरजेचा ताळा हा ताळाच नव्हे. उड्डाणागणिक जुळवायला हवे.

रोजकीर्द आणि खतावणी

दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याला जे माहीत असते ते इथे कुणी विचारात घेतले नव्हते. खतावणीत थेट कुणी लिहीत नाही. व्यवहार घडला की तो रोजकीर्दीत चढतो आणि खतावणी त्यावरून तयार होते. उड्डाणाचा कालावधी, विमानाचे एकूण तास, वैमानिकाचे एकूण तास, पुढच्या तपासणीला उरलेले तास: हे सगळे खतावणीचे आकडे आहेत. रोजकीर्दीचे आकडे चारच: चॉक्स (उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले अडथळे) काढल्याची वेळ, चाके जमिनीवरून उचलल्याची वेळ, चाके टेकल्याची वेळ, चॉक्स लावल्याची वेळ. वैमानिकाने फक्त घड्याळातली वेळ चार अंकांत टाकायची. वजाबाकी यंत्राची. कालावधीचा रकाना टॅबवरून काढूनच टाकला आणि टिंबाची चूक त्या दिवशी संपली. सूचना देऊन ती संपली नसती. दोन आठवडे टिकली असती, मग सवय परत आली असती.

त्याबरोबर टॅकोमीटरचे (इंजिनाच्या फेऱ्यांवरून तास मोजणारे मीटर) सुरुवातीचे आणि शेवटचे वाचन. ते वेगळ्या कारणासाठी. काट्यांच्या विमानातले यांत्रिक टॅको ठरावीक आरपीएमलाच घड्याळाच्या गतीने पळते, जमिनीवर इंजिन मंद चालू असताना हळू पळते. म्हणून टॅकोचे तास आणि हवेतले तास कधीच तंतोतंत सारखे नसतात, पण एकाच विमानात, एकाच प्रकारच्या कामात त्यांचे गुणोत्तर जवळपास ठरलेले राहते. दर आठवड्याला ते काढायचे. ५ टक्क्यांहून जास्त हलले की कुठेतरी नोंद सुटली आहे किंवा दोनदा पडली आहे असे समजून शोधायचे. तपासणीसाठी कोणते तास मोजायचे ते विमानाच्या मान्य देखभाल कार्यक्रमात लिहिलेले असते. हॉब्स मीटर हे तास मोजणारे दुसरे मीटर इंजिनातल्या तेलाच्या दाबावर चालू होते, जमिनीवरचा वेळही धरते, त्यामुळे त्याचा आकडा सर्वांत मोठा येतो. हवेतले तास, टॅको आणि हॉब्स या तीन आकड्यांतले सोयीचे कोणते हा प्रश्नच नाही, कार्यक्रमात लिहिलेले तेच.

दुहेरी नोंदीसाठी उड्डाणाला आधीच क्रमांक दिला. सकाळी कारकून दिवसाची यादी काढतो तेव्हा प्रत्येक उड्डाणाला विमान, तारीख आणि दिवसातला अनुक्रम जोडून एक क्रमांक पडतो. त्या क्रमांकावर एकच नोंद चढते. दुसरी आली तर प्रणाली ती नाकारत नाही, बाजूला ठेवते आणि माणसाला विचारते. नाकारणे धोक्याचे, कारण कधी कधी दुसरी नोंदच बरोबर असते. याचा आणखी एक फायदा झाला: दिवसाअखेर क्रमांक आहे पण नोंद नाही, अशी रिकामी जागा लगेच दिसते. हरवलेले ते १ तास १० मिनिटांचे उड्डाण तीन आठवडे कुणाच्या लक्षात आले नव्हते. आता ते त्याच संध्याकाळी सापडले असते.

घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. यावर वाद झाला. सगळे नाशिकच्या आसपास उडणार, मग साडेपाच तासांचा फरक डोक्यात का ठेवायचा? उत्तर असे की हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना), उड्डाण आराखडा हे सगळे यूटीसीत येते, आणि दोन घड्याळे एका कागदावर आली की एक दिवस कुणीतरी चुकीचे वाचते. पण यूटीसी घेतल्यावर पहाटेचा सापळा समजून घ्यावा लागतो. चॉक्स ५.२८ ला काढले आणि ५.४० ला विमान उचलले, तर यूटीसीप्रमाणे चॉक्स आदल्या तारखेला २३.५८ ला निघतात आणि उड्डाण नव्या तारखेला ००.१० ला होते. प्रणालीत एकच तारीख धरली तर वजाबाकी उणे येते, किंवा बावीस तासांहून मोठी. म्हणून चारही वेळांना स्वतंत्र तारीख लागते. पडद्यावर भारतीय वेळ शेजारी बारीक अक्षरांत दिसू द्यावी, पण साठवण यूटीसीतच.

ताळ्यासाठी एक्सेल वापरणाऱ्यांना एक इशारा. साध्या वेळेच्या रकान्यात बेरीज २४ तासांच्या पुढे गेली की ती पुन्हा शून्यापासून मोजते. ९१ तास २० मिनिटांचे तिथे १९ तास २० मिनिटे दिसतात. तासांच्या खुणेला चौकटी कंस घातले की बेरीज सलग दिसते. रकान्याचे स्वरूप आधी ठरवा, आकडे नंतर भरा.

दुसऱ्या विमानाचे वजन

तासांची भानगड सुटत असतानाच ‘ख’ विमानाच्या लोड शीटमध्ये वेगळे काही निघाले. टॅबवर वजन आणि समतोलाचा तक्ता आधी ‘क’ साठी केला होता. ‘ख’ साठी त्याचीच प्रत काढून वर विमानाचे नाव बदलले. रिकाम्या विमानाचे वजन बदलायचे राहिले. ‘क’ चे ७५८ किलो, ‘ख’ चे ७७९.

आकडे मांडून पाहू. तीन माणसे २२७ किलो, सामान २० किलो, पूर्ण वापरण्याजोगे इंधन ५३ गॅलन म्हणजे १४४ किलो. जुन्या तक्त्याप्रमाणे ११४९ किलो. उड्डाणाची कमाल मर्यादा ११५७, म्हणजे ८ किलो हाताशी. खरे वजन ११७०, मर्यादेहून १३ किलो जास्त. टॅबने हिरवी खूण दिली असती. ओझरची उंची सुमारे १९५० फूट आहे. मे महिन्यात पारा ४० वर गेला की घनता उंची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची, ५४०० फुटांच्या आसपास जाते. हवा विरळ, इंजिन आणि पंख दोन्ही थकलेले. अशा दुपारी तेरा किलो कागदावर वाटतात तितके क्षुल्लक राहत नाहीत.

मोठ्या विमानांत हीच चूक जीवघेणी ठरली आहे. १४ ऑक्टोबर २००४ रोजी हॅलिफॅक्सला एमके एअरलाइन्सचे मालवाहू ७४७ उड्डाण करताना कोसळले आणि सातही कर्मचारी गेले. वेगांचा हिशेब करणाऱ्या लॅपटॉपमध्ये आधीच्या उड्डाणाचे सुमारे २४० टनांचे वजन राहून गेले होते, विमान मात्र सुमारे ३५३ टनांचे होते. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नला एमिरेट्सच्या ए३४० च्या हिशेबात ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन पडले. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली, सुदैवाने ते परत उतरले. दोन्ही ठिकाणी यंत्राने दिलेला हिशेब बिनचूकच होता, त्याला दिलेला आकडा चुकीचा होता. कागदावर गणित करताना माणूस आकड्याला पुन्हा पुन्हा हात लावतो आणि कुठेतरी खटकते. टॅब ती खटकण्याची जागा काढून घेतो. ती परत निर्माण करावी लागते.

इथे ती अशी केली. प्रत्येक विमानाचा तक्ता एएमई स्वतः वजन प्रमाणपत्र समोर ठेवून भरतो आणि रिकामे वजन व त्याचा आर्म (समतोलासाठी मोजलेले त्या वजनाचे अंतर) कुलूपबंद करतो. प्रत काढण्याची सोय बंद. तक्ता उघडला की वर विमानाचे नोंदणी अक्षर आणि रिकामे वजन मोठ्या अक्षरांत येते. डॅशबोर्डवर त्याच वजनाची छोटी पट्टी चिकटवलेली असते, वैमानिकाने दोन्ही जुळवायचे. उड्डाणाआधी बोटावर ढोबळ हिशेब करायचा: चारशे किलोच्या आत बसतो ना? ‘क’ ला ३९९ किलो भार चालतो, ‘ख’ ला ३७८. हे दोन आकडे वैमानिकाला पाठ हवेत. आणि एकक एकच. पंपावर लिटर, पुस्तिकेत गॅलन आणि पाउंड, तक्त्यात किलो अशी सरमिसळ होती. आता इंधन पावतीवरचे लिटर टाकायचे, बाकी रूपांतर तक्त्यात (ॲव्हगॅस या विमानाच्या पेट्रोलला लिटरमागे ०.७२ किलो धरून).

टॅब, ऊन आणि चुंबक

उपकरणाच्या निवडीवर लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात. खरे तर हा भाग सर्वांत सोपा आहे. आयपॅड घेत असाल तर सिमकार्डवाले मॉडेल घ्या, सिम घालणार नसलात तरी. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते. लहान आकाराचा टॅब सेस्नाच्या कॉकपिटला पुरतो. मोठा टॅब योकवर (विमान वळवण्याचा हातातला दांडा) बसवला की खालची उपकरणे झाकतो आणि योक पूर्ण मागे घेताना पोटाला लागतो.

आयपॅड वापरण्याची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सियस. एप्रिल-मे महिन्यांत ओझरच्या ॲप्रनवर (विमाने उभी करण्याची जागा) बंद केबिन यापेक्षा कितीतरी वर जाते. काळ्या कव्हरातला टॅब काचेजवळ उन्हात आणि वर चार्जिंगची वायर जोडलेली, या तिन्ही गोष्टी जमल्या की पडदा काळा होतो आणि थंड होईपर्यंत उघडत नाही. सहा महिन्यांत असे चार वेळा झाले, चारही वेळा टॅब काचेच्या कडेला लावलेला होता. तो योकच्या बाजूला, सावलीत घेतल्यावर पुन्हा झाले नाही. झालेच तर आधी वायर काढायची, मग कव्हर, मग ताज्या हवेच्या झरोक्यासमोर धरायचे. बर्फावर किंवा कूलरच्या पाण्याजवळ ठेवायचे नाही, आत दव धरते. दुसरा टॅब पिशवीत, सावलीत, बंद ठेवायचा. दोन्ही टॅब एकाच उन्हात शेजारी लावले तर तो राखीव नव्हेच, दोघेही एकाच मिनिटाला जातात.

चुंबकाची गोष्ट लोक विसरतात. घडीच्या कव्हरात चुंबक असतात. ‘क’ मध्ये उजवीकडे लावलेल्या टॅबमुळे होकायंत्र ७ अंश सरकले. चाचणी सोपी: मोकळ्या जागेत विमान उभे करून, इंजिन आणि सगळी विद्युत उपकरणे चालू ठेवून, टॅब नसताना आणि असताना वाचन घ्या, टॅब नेहमीच्या जागी आणि हातात फिरवताना दोन्ही वेळा. चुंबक नसलेले कव्हर घेतल्यावर फरक गेला. दुसरी चाचणी रेडिओची. गाडीतले स्वस्त यूएसबी चार्जर व्होल्टेज कमी करताना व्हीएचएफ पट्ट्यात गोंगाट करतात. रेडिओतली गोंगाट अडवणारी सोय (स्क्वेल्च) उघडते, टॉवरचा आवाज खरखरतो. चार्जर लावून, वापरातल्या एकूण एक फ्रीक्वेन्सीवर ऐकून बघितले. तीनपैकी दोन चार्जर बाद ठरले.

पावसाळ्यात ओल्या बोटांनी पडदा भलतेच ऐकतो, म्हणून योकला सुती फडके बांधले. कसाऱ्याच्या बाजूला किंवा साल्हेरकडे नेटवर्कचा भरवसा नाही. जे लागते ते जमिनीवरच उतरवून घ्यायचे. उतरले आहे की नाही हे बघण्याची एकच खात्रीची पद्धत आहे: टॅब एअरप्लेन मोडवर टाका आणि त्या दिवशी लागणारा प्रत्येक चार्ट उघडून बघा. यादीत नाव दिसणे म्हणजे चार्ट असणे नव्हे. आयपॅडवर न वापरलेली ॲप्स आपोआप काढून टाकण्याची एक सोय असते, ती बंद ठेवा. जागा कमी पडली की ती नेमके क्वचित उघडले जाणारे ॲप काढते. आपोआप अद्ययावत होणेही बंद. आधी एक टॅब अद्ययावत करायचा, सात दिवस उडवायचा, मग बाकीचे.

चार्ट अद्ययावत होण्याचा आंतरराष्ट्रीय (एआयआरएसी) फेरा २८ दिवसांचा, वर्षात साधारण १३ फेरे. नवा फेरा गुरुवारी ०००० यूटीसीला लागू होतो, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेपाचला. त्या गुरुवारच्या पहिल्या उड्डाणासाठी दोन्ही संच टॅबवर असावे लागतात. आणि विमानतळ शोधताना चार अक्षरी कोड टाका. शहराचे नाव बदलले तरी व्हीएएयू हा कोड व्हीएएयूच राहतो, यादीत मात्र औरंगाबाद असेल की छत्रपती संभाजीनगर याचा नेम नसतो.

ओझरची एक खास अट

ओझर हे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे विमानतळ आहे. तिथे मिग-२१ जमले, नंतर सुखोई-३० एमकेआय. १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम परवानगीशिवाय विमानतळावर छायाचित्र काढायला बंदी करतो, आणि अशा ठिकाणी तर त्यात कुणी सवलत धरू नये. पहिल्या बेतात टेक लॉगच्या पानाचा फोटो टॅबने ॲप्रनवरच काढून वर चढवायचा होता. तो बेत पहिल्या आठवड्यातच रद्द झाला. सगळ्या टॅबचे कॅमेरे व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून बंद केले. टेक लॉगची प्रत कार्यालयात, साध्या स्कॅनरवर, ३०० डीपीआयला निघते. काम एक पायरी वाढले, पण नोंद स्वच्छ आली: फोटोत सावली, बोट, वाकडे पान येत होते, एएमईचा शिक्का वाचता येत नव्हता.

सही आणि साठवण

सुरुवातीला कार्यालयातला एकच परवलीचा शब्द सगळे वापरत होते. याचा अर्थ तेव्हाच्या नोंदींवर कुणाचीच सही नव्हती. प्रत्येकाला स्वतःचा प्रवेश, स्वतःचा पिन. सही झाली की नोंद बंद. दुरुस्ती करायची तर जुना आकडा खोडला जात नाही, शेजारी नवा येतो, कारण आणि नाव यांसह. कागदावर एक रेघ मारून आद्याक्षरे करतात, तसेच. सेवेत परत देण्याचे प्रमाणपत्र एएमईने कागदावरच ठेवले. त्यासाठी डीजीसीएची मान्यता वेगळी आणि घाई करण्यासारखे ते काम नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या ७ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद नंतर वापरण्याजोगी, मूळ स्वरूपात किंवा माहिती तंतोतंत दाखवणाऱ्या स्वरूपात जपावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात नोंदीचे हॅश मूल्य (फाइलवरून निघणारा, फाइल जराही बदलली की बदलणारा संकेत) मागितले जाते. म्हणून रोज रात्री आठला दिवसाच्या नोंदी पीडीएफ आणि सीएसव्ही अशा दोन रूपांत बाहेर काढायच्या, त्यांचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य काढायचे. प्रती तीन: सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर, कार्यालयातल्या डिस्कवर, आणि एक डिस्क दुसऱ्या इमारतीत, आठवड्याला बदलून.

जूनमध्ये परत उभे करण्याची पहिली तालीम घेतली. अट अशी की सेवा देणाऱ्याचे सॉफ्टवेअर वापरायचे नाही, फक्त डिस्कवरच्या फाइलींवरून दहा उड्डाणे उभी करायची. सहाच जमली. तीन उड्डाणांच्या तारखा उलटल्या होत्या: ०४/०५ हा ४ मे एक्सेलने ५ एप्रिल केला. आता तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच बाहेर पडते. चौथ्यात इंधनाच्या नोंदीतला कारकुनाचा मराठी शेरा नुसत्या प्रश्नचिन्हांत बदलला होता. फाइल युनिकोडमध्ये साठवली जात नव्हती. तो शेरा होता: ‘डाव्या टाकीत पाणी, दोनदा निचरा केला.’ इंधनात पाणी निघाल्याची तीच एक नोंद होती. सप्टेंबरच्या तालमीसाठी दहाऐवजी वीस उड्डाणे घ्यायचे ठरले आहे.

वैमानिकाच्या स्वतःच्या तासांचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. डीजीसीएचे ईजीसीए हे संकेतस्थळ नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाले आणि वैमानिकाचे ई-लॉगबुक तिथे भरावे लागते. म्हणजे संस्थेची प्रणाली, ईजीसीए आणि वैमानिकाचे कापडी बांधणीचे जुने लॉगबुक, अशा तीन जागा. संस्थेच्या प्रणालीतून आठवड्याचा उतारा काढून तोच ईजीसीएवर टाकायचा, स्मरणाने काही भरायचे नाही, असे चार वैमानिक करतात. पाचवा अजून लॉगबुकातून उतरवतो आणि त्याच्याच नोंदी जुळवायला वेळ लागतो.

जुलैअखेर विमानात काय उरले

१९४४ च्या शिकागो कराराच्या २९ व्या कलमात विमानात काय काय बाळगायचे ते आहे: नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, कर्मचाऱ्यांचे परवाने, प्रवास लॉगबुक, रेडिओ परवाना. ही सारी पिशवी कागदीच राहिली. २०२५ पासून वैमानिकाचा परवाना मोबाइलवरही मिळू लागला आहे, तरी फोनची बॅटरी संपली तर काय दाखवणार, म्हणून छापील प्रत पिशवीत आहे. चार्टची जाडजूड बाडे गेली. त्यांच्या जागी त्या दिवशीचा एक ए५ कागद असतो: ओझर आणि पर्यायी विमानतळांच्या फ्रीक्वेन्सी, धावपट्टीची दिशा, सर्किटची उंची, त्या मार्गावरची सुरक्षित उंची. दोन्ही टॅब गेले तरी त्यावर परत येता येते. उड्डाणाआधीच्या अटी चार: दोन टॅब, दोन्ही ८० टक्क्यांच्या वर, चालू फेऱ्याचे चार्ट एअरप्लेन मोडमध्ये उघडलेले, आणि तो ए५ कागद मांडीवर. यातले एक कमी असेल तर विमान थांबते.

शेवटच्या आठवड्यांत दोन्ही विमानांचा ताळा उड्डाणागणिक सलग सहा आठवडे जुळला. अर्जासोबत एप्रिलचा तीन तास पाच मिनिटांचा हिशेबही जोडला आहे, १९ उड्डाणांच्या यादीसकट. आणि कार्यालयात एक नवी वही आली: रोज रात्री कारकून दिवसाच्या फाइलचे हॅश मूल्य छापून तिच्यात चिकटवतो आणि पानावर सही करतो.